कन्व्हर्टरमधल्या धुळीबद्दल: सल्फ्युरिक आम्ल कारखान्यांच्या व्यवस्थापनांस खुले पत्र

प्रति,
सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यांचे व्यवस्थापक, तेथील सुरक्षा अधिकारी आणि शटडाऊनमध्ये उत्प्रेरक चाळण्याचे काम घेणारे कंत्राटदार यांस,

स. न. वि. वि.

येत्या शटडाऊनसाठी, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवण्याच्या काळासाठी, काढलेले एक परिपत्रक नुकतेच माझ्या वाचनात आले. ते काढणाऱ्या कारखान्याचे नाव मी येथे घेत नाही. त्यातला मजकूर मी याआधीही निरनिराळ्या ठिकाणी, निरनिराळ्या सह्यांखाली वाचलेला आहे, आणि एकाला पुढे करून बाकीच्यांना मोकळे सोडावे अशी माझी इच्छा नाही. परिपत्रकात असे ठरवले आहे की, कन्व्हर्टरच्या (सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणाऱ्या पात्राच्या) वरच्या बेडमधला, म्हणजे थरातला, उत्प्रेरक आजवर सक्शन यंत्राने ओढून घेतला जाई, तो यापुढे माणसे आत उतरून फावड्याने भरतील. तो चाळण्याचे काम शेजारच्या फलाटावर उघड्यावर होईल. प्लांट थंड करण्यासाठी दिलेला अवधी कमी केला जाईल. आणि उत्प्रेरकात व्हॅनेडियमचे प्रमाण अगदी थोडे असल्यामुळे धुळीसाठीचा साधा मास्क पुरेसा मानला जाईल. या निर्णयातून वाचणारे पैसे आणि दिवस मला दिसतात. त्याची किंमत कोण मोजणार, याबद्दल मात्र परिपत्रकात एक ओळही नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी नोकरीची बहुतेक वर्षे ॲसिड प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्ज म्हणून काढली. कन्व्हर्टरमध्ये उतरण्याच्या परमिटवर माझी सही असे, आणि बऱ्याचदा उतरणाऱ्यांतही मी असे. चाळणीचे काम झाल्यावर जीभ हिरवट दिसणे हा आमच्यात थट्टेचा विषय होता. आज जिना चढताना मला दम लागतो आणि छातीत घरघर होते. ती त्या धुळीमुळेच होते असे मी म्हणणार नाही, कारण तसे म्हणायला जी तेव्हाची फुप्फुसाची तपासणी हाताशी हवी, ती आमच्यापैकी कोणाचीही झालेली नाही. ती का झाली नाही, हा या पत्रातला एक मुद्दा आहे.

व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे उत्प्रेरकातले व्हॅनेडियम धातूचे ऑक्साइड, वापरू नका, अशी माझी मागणी नाही, हे आधीच स्पष्ट करतो. गंधक जाळून मिळालेल्या सल्फर डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करणे ही आम्लनिर्मितीतली अवघड पायरी आहे. ही अभिक्रिया उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे तापमान कमी ठेवावे तितके रूपांतर अधिक व्हायला हवे. पण कमी तापमानाला ती इतकी मंद चालते की उत्प्रेरकाशिवाय कारखाना चालवण्यात अर्थच उरत नाही. १८३१ साली ब्रिस्टलच्या पेरेग्रिन फिलिप्स यांनी यासाठी प्लॅटिनम वापरण्याचे पेटंट घेतले. प्लॅटिनम महाग, आणि वायूतून थोडे आर्सेनिक आले तरी निकामी होणारे. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत व्हॅनेडियमने त्याची जागा घेतली, आणि आज जगात वर्षाला वीस कोटी टनांहून अधिक सल्फ्युरिक आम्ल बनते त्याचा फार मोठा भाग या एका ऑक्साइडच्या आधारे बनतो. इतके उपयुक्त द्रव्य सोडून द्या असे म्हणणे पोरकटपणाचे ठरेल.

हे ऑक्साइड शुद्ध रूपात पिवळसर नारिंगी ते विटकरी रंगाची पूड असते. तिला वास नाही, ती पेट घेत नाही, आणि साधारण ६९० अंश सेल्सिअसला वितळते. ती आम्लातही विरघळते आणि अल्कलीतही. ती चांगली ऑक्सिडीकारक आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली तर त्यातून क्लोरीन बाहेर काढते. ऑक्सिजन सोडायचा आणि परत घ्यायचा, हाच तिचा गुण कन्व्हर्टरमध्ये कामाला येतो. उत्प्रेरकाच्या कड्यांमध्ये ती पोटॅशियमच्या क्षारांसह डायटोमाइट मातीच्या सच्छिद्र आधारावर बसवलेली असते, आणि ४०० अंशांच्या पुढे हे क्षार मातीच्या छिद्रांत वितळून पातळ थर धरतात. खरे काम त्या वितळलेल्या थरात चालते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र कोरड्या, ठिसूळ कड्याच दिसतात, आणि त्या घासल्या की धूळ होते.

धूळ टाळता येत नाही, हेही मी जाणतो. पहिला बेड गाळणीसारखा वायूतली राख अडवतो, दाब वाढत जातो, ब्लोअरवर ताण येतो, आणि कधी ना कधी कड्या बाहेर काढून, चाळून, तुटलेला भाग टाकून, नवी भर घालून परत भराव्या लागतात. धूळ दिसली की पाणी मारा, असा सल्ला बाहेरची माणसे देतात. तो येथे चालत नाही, कारण भिजलेला उत्प्रेरक परत वापरण्याच्या लायकीचा राहत नाही. काम कोरडेच करावे लागते, म्हणून धूळ उगमापाशीच ओढून घेणे हाच खरा उपाय उरतो, आणि परिपत्रकाने नेमके तेच यंत्र काढून टाकले आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार "प्रमाण थोडे आहे" या युक्तिवादाबद्दल आहे. उत्प्रेरकात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड साधारण ६ ते ८ टक्के असते, हे खरे. आता हिशेब करू. उघड्या चाळणीपाशी हवेच्या एका घनमीटरमध्ये १० मिलिग्रॅम धूळ आहे असे धरा. ही काही डोळ्यांसमोर अंधारी आणणारी धूळ नव्हे. फावडे चालत असताना याहून दाट धूळ मी पाहिली आहे. त्यातले ७ टक्के म्हणजे ०.७ मिलिग्रॅम पेंटॉक्साइड. पेंटॉक्साइडच्या वजनात व्हॅनेडियम धातूचा वाटा ५६ टक्के, म्हणजे सुमारे ०.३९ मिलिग्रॅम. अमेरिकेच्या नायॉश या कामगार आरोग्य संशोधन संस्थेने शिफारस केलेली कमाल मर्यादा, व्हॅनेडियम धातूच्या हिशेबात, ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे थोडे म्हणून सोडून दिलेले प्रमाण मर्यादेच्या जवळजवळ आठपट निघते. टक्का कमी असला म्हणजे मात्रा कमी होत नाही. मात्रा ठरते ती हवेत किती धूळ आहे यावर. हा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल, आणि परिपत्रकावर सही करणाऱ्यांना तो जमत नाही यावर विश्वास ठेवणे मला कठीण जाते.

दुसरी तक्रार मोजमापाच्या पद्धतीची आहे. जे अहवाल मी पाहिले त्यांतल्या काहींत आकडे व्हॅनेडियम धातूचे होते, काहींत पेंटॉक्साइडचे, आणि काहींत कशाचे ते लिहिलेच नव्हते. दोहोंत १.८ पटीचा फरक आहे, त्यामुळे सोयीचे एकक निवडले की मर्यादा ओलांडलेली असूनही पाळल्यासारखी दिसते. त्याहून गंभीर म्हणजे आठ तासांची सरासरी. नायॉशची मर्यादा ही पंधरा मिनिटांच्या नमुन्यात कधीही ओलांडायची नाही अशी कमाल मर्यादा आहे. अमेरिकी कायद्यातली मर्यादा त्या मानाने सैल, म्हणजे श्वसनयोग्य धुळीत ०.५ मिलिग्रॅम पेंटॉक्साइड, पण तीही कमाल मर्यादाच आहे. बेड उपसण्याचे काम सलग आठ तास चालत नाही. माणूस आत उतरतो, अर्धा-पाऊण तास काम करतो, बाहेर येऊन बसतो, पुन्हा उतरतो. बसण्याचा वेळ हिशेबात धरून काढलेली सरासरी त्याने बसून घेतलेल्या श्वासाबद्दल सांगते, आतल्या श्वासाबद्दल नाही.

तिसऱ्या तक्रारीवर मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण सगळे प्रकरण येथे दडपले जाते. या धुळीचा त्रास लगेच होतो असे नाही. नाक चुरचुरते, घसा खवखवतो, तेवढ्यावर दिवस संपतो. खोकला, छातीतली घरघर आणि धाप काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी व्यक्तींनी स्वखुशीने हा संपर्क पत्करला होता. घनमीटरला १ मिलिग्रॅम पेंटॉक्साइड असलेल्या हवेत आठ तास राहिलेल्या दोघांना पाचव्या तासापासून खोकला सुरू झाला आणि तो आठ दिवस टिकला. ०.१ मिलिग्रॅमलाही छातीत कफ साठून तो खोकून काढावा लागला. तेलावर चालणारे बॉयलर साफ करणाऱ्या कामगारांमध्ये हाच आजार १९५०च्या दशकात नीट नोंदवला गेला, कारण जड इंधन तेलातले व्हॅनेडियम राखेत ऑक्साइड होऊन साठते. आणि १९११ सालीच एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात व्हॅनेडियमच्या विषबाधेवर लेख आला होता. म्हणजे हे ज्ञान शंभर वर्षांहून जुने आहे. "आम्हाला कल्पना नव्हती" असे म्हणण्याची सोय कोणालाच राहिलेली नाही.

आता आपली व्यवस्था पाहा. चाळणीचे काम कंत्राटी माणसे करतात. काम उरकले की ती त्याच आठवड्यात दुसऱ्या प्लांटला जातात. खोकला सुरू होतो तेव्हा ती आपल्या फाटकाबाहेर असतात, आपल्या दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांचे नाव येत नाही, आणि वर्षअखेरीच्या अहवालात "बाधित कामगार: शून्य" असे लिहिता येते. पुढच्या प्लांटला तोच माणूस पुन्हा त्याच धुळीत उतरतो. आणि एकदा त्रास झालेल्यांना पुढच्या संपर्कात तो अधिक जोराने होतो, असे निरीक्षण वैद्यकीय साहित्यात आहे. कायम नोकरीत असलेला मी, माझ्या तपासणीचे कागद नाहीत म्हणून आज काही सिद्ध करू शकत नाही. ज्याला नेमणुकीचे पत्रसुद्धा मिळत नाही, त्याने काय सिद्ध करायचे?

हिरव्या जिभेबद्दल एक खुलासा करतो, कारण तिच्यावरून दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. पेंटॉक्साइडमधल्या व्हॅनेडियमचे तोंडात क्षपण होऊन (ऑक्सिजन कमी होऊन) त्याचे हिरवट क्षार बनतात आणि जिभेवर बसतात. संपर्क थांबल्यावर दोन-तीन दिवसांत रंग जातो. तो रंग स्वतः अपायकारक नाही, म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण श्वासावाटे धूळ आत गेल्याचा तो फुकटात मिळालेला पुरावा आहे, आणि त्यावर हसून पुढे जाण्याऐवजी कोणीतरी तो लिहून ठेवायला हवा होता.

कर्करोगाबाबत मी जपून लिहितो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००२ साली उंदरांवरच्या दोन वर्षांच्या श्वसनप्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. लहान जातीच्या उंदरांच्या (माउस) नर-मादी दोहोंत फुप्फुसाच्या गाठींचा स्पष्ट पुरावा मिळाला. मोठ्या जातीच्या उंदरांच्या (रॅट) नरांत काही पुरावा मिळाला आणि माद्यांत तो संदिग्ध राहिला. माणसांबद्दलचा पुरावा अपुरा आहे. या सगळ्याचा विचार करून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००६च्या प्रकाशनात हे संयुग २-ब गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवण्याची शक्यता असलेल्यांत, घातले. याचा अर्थ चाळणी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होईल असा नाही. सुरक्षा प्रशिक्षणात तर या वर्गीकरणाचा उल्लेखसुद्धा होत नाही, आणि माझा आक्षेप त्या मौनाला आहे.

चौथी गोष्ट अशी की, बेडमधली धूळ केवळ व्हॅनेडियमची नसते. आधाराची डायटोमाइट माती उष्णतेने काही अंशी क्रिस्टोबलाइट या स्फटिकरूप सिलिकात बदलू शकते, आणि श्वासातून जाणारा स्फटिकरूप सिलिका हा माणसात कर्करोग घडवणारा म्हणून सिद्ध झालेल्या पहिल्या गटात आहे. सिलिकोसिस हा सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार तर वेगळाच. धातू वितळवणाऱ्या भट्ट्यांचा वायू वापरणाऱ्या प्लांटमध्ये आर्सेनिकही साठलेले असू शकते. शिवाय कड्यांनी सल्फर ट्रायऑक्साइड धरून ठेवलेला असतो. तो गरम हवेने पुरता हुसकून न लावता मॅनहोल उघडले की हवेतल्या ओलाव्याशी मिळून आम्लाचा धूर निघतो. थंड करण्याचा अवधी कमी करणे म्हणजे हे हुसकून लावणे अर्धवट सोडणे. हे परिपत्रक लिहिणाऱ्याला ठाऊक नसेल तर त्याने ते लिहायला नको होते, आणि ठाऊक असेल तर प्रश्न अधिक गंभीर आहे.

साध्या मास्कबद्दल वेगळे लिहायची गरज नाही. तो घामाने भिजतो, नाकापाशी उघडा पडतो, आणि बाहेर आलेल्या माणसाच्या मिशीवर पिवळी पूड दिसते. वापरून टाकलेल्या उत्प्रेरकाची चाळ आवारात उघड्यावर ढीग लावून ठेवण्याची पद्धतही तितकीच निषेधार्ह आहे. तिच्यातले व्हॅनेडियम पावसाच्या पाण्यात उतरते, आणि तेच व्हॅनेडियम परत मिळवून पोलादासाठीच्या फेरोव्हॅनेडियममध्ये वापरता येते, हे आपल्या खरेदी विभागाला चांगले माहीत असते.

हा प्रश्न आम्लाच्या प्लांटपुरता राहणार नाही, हेही लक्षात घ्यावे. थॅलिक ॲनहायड्राइड या प्लास्टिक-रंगांसाठी लागणाऱ्या रसायनाच्या निर्मितीत हाच ऑक्साइड उत्प्रेरक आहे. वीज केंद्रांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड काढणाऱ्या संचांत तो टायटॅनियम डायऑक्साइडवर बसवलेला असतो. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात मारिया स्किलास-काझाकोस यांच्या गटाने विकसित केलेल्या व्हॅनेडियम फ्लो बॅटऱ्या आता वीज साठवण्यासाठी मोठ्या प्रमाणावर उभ्या राहत आहेत, आणि त्यांच्या द्रावणाचा कच्चा मालही बहुधा हाच असतो. ज्यांनी हे द्रव्य सर्वांत जास्त काळ हाताळले त्या ॲसिड प्लांटवाल्यांनी घालून दिलेली शिस्तच नवे लोक उचलतील, आणि शिस्त नसली तर तीही उचलतील.

माझ्या मागण्या अशा आहेत. परिपत्रक मागे घ्यावे आणि उत्प्रेरक काढण्या-भरण्याचे काम सक्शन यंत्राने, बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेवर सूक्ष्म कणांचा फिल्टर बसवूनच करावे; जेथे माणूस उतरवल्याशिवाय चालणार नाही तेथे त्याला बाहेरून हवा पुरवणारा, पूर्ण चेहरा झाकणारा श्वसनसंच द्यावा. चाळणी बंदिस्त असावी आणि तिच्यावर धूळ ओढणारी व्यवस्था असावी. नवा उत्प्रेरक उंचावरून ओतू नये, नळीने खाली सोडावा. गरम हवेने वायू हुसकण्याचा अवधी उत्पादन विभागाने ठरवू नये. मॅनहोलपाशी सल्फर डायऑक्साइड आणि ऑक्सिजन मोजून, तो आकडा परमिटवर लिहूनच माणसाला आत सोडावे. कामाचे कपडे कामाच्या जागीच उतरवून धुवावेत आणि अंघोळीची सोय तेथेच असावी, म्हणजे ही पूड कोणाच्या घरी जाणार नाही.

हवेचे नमुने प्रत्यक्ष उपसा चालू असताना, काम करणाऱ्याच्या श्वासाच्या पातळीवर, पंधरा मिनिटांचे घ्यावेत. अहवालात एकक स्पष्ट लिहावे, सिलिका वेगळा मोजावा, आणि अहवाल कंत्राटी कामगारांसह सर्वांना त्यांच्या भाषेत वाचायला मिळावा. कामापूर्वी आणि कामानंतर फुप्फुसांची क्षमता तपासावी, लघवीतले व्हॅनेडियम मोजावे, आणि काम संपल्यावर आठवडाभराने प्रत्येक कंत्राटी कामगाराची पुन्हा विचारपूस करावी. तो तोवर दुसऱ्या प्लांटला गेलेला असेल, तर ज्या कंत्राटदाराने त्याला तिथे नेले त्याने ती जबाबदारी घ्यावी, आणि कंत्राटात तसे कलम असावे. या तपासणीच्या कागदांची एक प्रत कामगाराच्या हाती द्यावी. दमा किंवा जुनी श्वासनलिकेची तक्रार असलेल्याला या कामावर पाठवू नये, आणि त्या कारणाने त्याची रोजी बुडू नये.

उत्प्रेरक पुरवणाऱ्यांनाही एक विनंती आहे. आपल्या सुरक्षा माहितीपत्रात नव्या मालाबद्दल सगळे असते. वापरून झालेल्या मालात क्रिस्टोबलाइट, शोषलेले आम्ल आणि इतर धातू काय असू शकतात, ते स्वतंत्र पानावर लिहून द्यावे, कारण आत उतरणाऱ्याचा संबंध बहुतेक वेळा वापरलेल्या मालाशीच येतो.

यांपैकी कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि नसल्यास कोणत्या कारणाने, हे पुढचे शटडाऊन सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे आणि ते उत्तर कामगारांच्या सूचनाफलकावर लावावे.

आपला,
ॲसिड प्लांटमधला एक माजी शिफ्ट इन्चार्ज